झाडाच्या सालीवरचा अर्ज

कॅनबेराच्या संसद भवनात झाडाच्या सालीचे दोन मोठे तुकडे काचेमागे ठेवलेले आहेत. साल निलगिरीच्या जातकुळीतल्या झाडाची. मधोमध टंकलिखित कागद चिकटवलेला आणि चारी कडांना गेरू, पिवळी माती, पांढरी चिकणमाती यांनी रंगवलेली प्राण्यांची चित्रे व बारीक रेघांची नक्षी. ही नक्षी म्हणजे सजावट, असे पाहणाऱ्याला वाटते. ज्यांनी ती काढली त्या योलंगू लोकांच्या लेखी मात्र खरा मजकूर तिथेच आहे. प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली, ती ठरावीक भूमीशी जोडलेली, आणि ती काढण्याचा अधिकार त्या भूमीच्या माणसांनाच. आपल्या भाषेत सांगायचे तर कडेला सातबारा आणि मध्ये अर्ज. कॅनबेरातल्या सरकारला फक्त मधला कागद वाचता येत होता.

हा अर्ज ऑगस्ट १९६३ मधला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. १९३१ पासून तो आदिवासींसाठी राखीव होता. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या गोव्ह द्वीपकल्पावर बॉक्साइट सापडले आणि सरकारने राखीव क्षेत्रातून तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर जमीन खाणीसाठी वेगळी काढली. यिरकला येथे मिशनची वस्ती होती. तिथल्या योलंगू लोकांना कोणी विचारले नाही. त्यांनी मग आपल्या भाषेत आणि इंग्रजीत अर्ज लिहिला. ही आमची शिकारीची आणि कंदमुळांची भूमी आहे, इथे आमची पवित्र स्थाने आहेत, आमचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणत्याही कंपनीशी करार करू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

१४ ऑगस्टला अर्ज लोकप्रतिनिधिगृहात मांडला गेला. त्यावर बारा सह्या होत्या. खात्याच्या मंत्र्यांनी शंका काढली, की सह्या करणारे बहुतेक तरुण आहेत, ते समाजाचे प्रतिनिधी कशावरून? तेव्हा दुसरा अर्ज आला आणि त्यासोबत वडीलधाऱ्यांचे अंगठे आले. आपल्याकडे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमिनी गेल्याच्या कथा घरोघर आहेत. इथे जमीन राहावी म्हणून अंगठे उठवले गेले. संसदेने समिती नेमली, समितीने नुकसानभरपाई द्यावी, पवित्र स्थाने जपावीत असे सुचवले, आणि पुढे नबाल्को या कंपनीला ४२ वर्षांचा खाणपट्टा मिळाला.

योलंगू मग न्यायालयात गेले. तिथे त्यांची गाठ एका अशा समजुतीशी पडली, जी तोवर जवळजवळ दोनशे वर्षे कोणी तपासून पाहिलेली नव्हती.

ती समजूत अशी. इंग्रजी कायद्याच्या जुन्या पंडितांनी वसाहतींचे दोन वर्ग केले होते. जिंकून किंवा तहाने मिळालेला देश हा एक वर्ग; तिथे राजा बदलेपर्यंत स्थानिक कायदा चालू राहायचा. ओसाड, बिनलागवडीचा मुलूख हा दुसरा. तिथे वसाहतकरी आपला कायदा सोबत घेऊन जायचे. हिंदुस्थान पहिल्या वर्गात, ऑस्ट्रेलिया दुसऱ्या. ‘टेरा नलियस’, म्हणजे कोणाचीच नसलेली भूमी, हा लॅटिन शब्दप्रयोग आज या संदर्भात सर्रास वापरला जातो. तो या वादात बराच उशिरा आला. व्यवहार मात्र पहिल्यापासून तसाच होता. १७६८ मध्ये कॅप्टन कुक निघाला तेव्हा नौदलाच्या गुप्त सूचनांत रहिवाशांच्या संमतीने जागा ताब्यात घ्याव्यात असे लिहिलेले होते. २२ ऑगस्ट १७७० रोजी त्याने पूर्व किनारा राजाच्या नावे घेतला. संमती विचारली नाही.

भूमी रिकामी नाही हे मात्र सगळ्यांना दिसत होते. १८३५ च्या जूनमध्ये जॉन बॅटमन नावाच्या गृहस्थाने पोर्ट फिलिपच्या आखाताजवळ कुलिन लोकांच्या प्रमुखांशी ‘तह’ केला. ब्लँकेटे, चाकू, कुऱ्हाडी, कात्र्या, आरसे, पीठ आणि दरवर्षी असाच आणखी काही माल, या बदल्यात सुमारे सहा लाख एकर जमीन. आज तिथे मेलबर्न शहर उभे आहे. तहाचा अर्थ समोरच्यांना किती कळला असेल हा प्रश्नच आहे, आणि बॅटमन काही साधुपुरुष नव्हता. पण जमीन घ्यायची तर ज्याची आहे त्याच्याशी बोलावे लागते, इतके तरी त्याच्या कागदात होते. गव्हर्नर बर्क यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढून असे सगळे व्यवहार रद्दबातल ठरवले. राजाच्या परवानगीशिवाय जमिनीवर बसणारा घुसखोर. या जाहीरनाम्यातली गंमत अशी, की भूमी खरोखर कोणाचीच नसती, तर ती विकण्याचा व्यवहार रद्द करण्याची गरजच पडली नसती.

१८८९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने या समजुतीवर शिक्का मारला. खटला होता कूपर विरुद्ध स्टुअर्ट. सिडनीजवळची जुनी इनामी जमीन, तिच्यातले दहा एकर सरकारला सार्वजनिक बागेसाठी हवे होते, मालकाने हरकत घेतली. या वादात एकही आदिवासी पक्षकार नव्हता, कोणाची साक्ष झाली नाही. न्यायमूर्तींनी ओघात लिहून टाकले, की न्यू साउथ वेल्स हा वसाहतीच्या वेळी स्थायी रहिवासी आणि स्थिर कायदा नसलेला, जवळजवळ निर्जन मुलूख होता. बागेच्या भांडणातले हे एक वाक्य पुढे शंभर वर्षे पुरले.

याच प्रिव्ही कौन्सिलची दुसरी एक परंपरा आहे आणि तिचा उगम मराठी माणसाला परका नाही. तंजावरचे शेवटचे भोसले राजे, दुसरे शिवाजी, १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्य तर घेतलेच, वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे त्या जिंकल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. घडले ते योग्य की अयोग्य हे आम्ही पाहणार नाही. एका सत्तेने दुसऱ्या सत्तेचा मुलूख घेणे हे राज्यकृत्य आहे, त्याची दाद न्यायालयात लागत नाही. पुढे १९२४ मध्ये पंचमहालच्या तालुकदारांचा दावा याच वाटेने गेला. पंचमहाल शिंद्यांनी १८६० मध्ये इंग्रजांना दिलेला प्रदेश. जुने हक्क नव्या राजाने मान्य केले तरच ते हक्क, असे या वजेसिंगजी खटल्यात सांगितले गेले. म्हणजे देश पहिल्या वर्गातला असला तरी सुटका होतीच असे नाही. हा निवाडा पुढे फार लांबच्या एका कज्ज्यात पुन्हा भेटतो.

आता गोव्हकडे परत येऊ.

मिलिरपुम आणि इतर विरुद्ध नबाल्को, या नावाने खटला चालला. रिरातजिंगू कुळाचे मिलिरपुम, गुमातज कुळाचे मुंगुरावुय, जापू कुळाचे डायंबालिपू हे वादी. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांच्यापुढे वडीलधाऱ्यांनी साक्षी दिल्या. एरवी बाहेरच्यांना, इतकेच काय आपल्याही सगळ्यांना न दाखवण्याच्या पवित्र वस्तू, ज्यांना ते रंगा म्हणतात, त्यांनी न्यायमूर्तींना दाखवल्या. त्यांच्या दृष्टीने तीच सनद होती. तिच्यापलीकडचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. कोर्टात दुभाष्याचे काम करणाऱ्यांत मुंगुरावुय यांचा तरुण मुलगा होता, गालारवुय.

२७ एप्रिल १९७१ रोजी निकाल लागला. तो मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण ब्लॅकबर्न हे उथळ किंवा तुच्छतेने बोलणारे न्यायाधीश नव्हते. त्यांनी कबूल केले, की या लोकांची समाजव्यवस्था अतिशय सूक्ष्म आहे, ती व्यक्तीच्या लहरीवर चालत नाही, कायद्याचे राज्य म्हणतात ते कुठे असेल तर इथे आहे. इथवर वाचले की वाटते, दावा जिंकला. मग ते मालमत्तेच्या व्याख्येकडे वळतात. मालमत्ता म्हणजे वस्तू उपभोगण्याचा, दुसऱ्याला मज्जाव करण्याचा आणि ती विकण्याचा हक्क. योलंगू कुळे एकमेकांना आपल्या भूमीवर हिंडू-फिरू देतात, शिकार करू देतात. भूमी विकणे ही कल्पनाच त्यांच्याकडे नाही. त्यांचे नाते आर्थिक नाही, धार्मिक आहे. पुराव्यावरून भूमी कुळाची आहे असे म्हणण्यापेक्षा कूळ भूमीचे आहे असे म्हणणे सोपे जाते, असे न्यायमूर्तींनी लिहिले. सबब ही मालमत्ता नव्हे. सबब दावा नामंजूर.

म्हणजे नाते जितके घट्ट, तितका हक्क पातळ. सोयऱ्याला रानात येऊ देणारा, आणि आईला विकावी तशी जमीन विकण्याची कल्पनाही न करणारा मालक कोर्टाच्या मोजपट्टीत बसला नाही. इथे एक गोष्ट राहून राहून मनात येते. धार्मिक नात्याला मालकीचे रूप देणे इंग्रजी न्यायालयांना जमतच नव्हते, असे म्हणता येत नाही. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातल्या वादात १९२५ साली याच प्रिव्ही कौन्सिलने हिंदू देवमूर्तीला कायद्याने व्यक्ती मानले. तिला मालमत्ता असते, तिचे म्हणणे कोर्टात मांडता येते. आपल्याकडे देवस्थानाच्या जमिनीवर देवाचे नाव लागते, त्याचे कोणाला नवल वाटत नाही. देव मालक होऊ शकत होता. देवांच्या वाटांवर राहणारी माणसे होऊ शकत नव्हती.

न्यायालयात जे हरले ते राजकारणात काही अंशी मिळाले. त्यामागे गोव्हइतकेच दुसऱ्या एका ठिकाणाचे बळ होते. गोव्हपासून पुष्कळ आत, वेव्ह हिल नावाचे गुरांचे प्रचंड कुरण होते, वेस्टी या इंग्रज कंपनीकडे भाडेपट्ट्याने. २३ ऑगस्ट १९६६ रोजी विन्सेंट लिंगियारी यांच्या मागे सुमारे दोनशे गुरिंजी गुराखी आणि त्यांची कुटुंबे काम सोडून चालू लागली. वर्तमानपत्रांना वाटले मजुरीचा संप आहे. मजुरीचा प्रश्न होताच. पण पुढच्या वर्षी वॅटी क्रीकवर तळ ठोकून त्यांनी गव्हर्नर जनरलकडे जो अर्ज केला त्यात पगार मागितला नव्हता. सुमारे १,३०० चौरस किलोमीटर जमीन मागितली होती, आमचीच म्हणून. अर्ज फेटाळला गेला. ते उठले नाहीत. नऊ वर्षे बसून राहिले.

१६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तिथे जाऊन ३,२३६ चौरस किलोमीटरचा पट्टा त्यांच्या हवाली केला आणि लिंगियारी यांच्या तळहातावर मूठभर माती ओतली. ते छायाचित्र जगभर गेले. ते टिपणारे मर्व्हिन बिशप हे स्वतः आदिवासी छायाचित्रकार. समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता, तिथे प्रकाश पुरेना, म्हणून बिशप यांनी दोघांना उन्हात आणून माती ओतण्याचा प्रसंग पुन्हा करायला लावला. तेव्हा आपण पाहतो ते चित्र दुसऱ्या खेपेचे आहे. तसे पाहिले तर मिळालेला पट्टाही पहिल्या खेपेचाच होता. कायमची मालकी गुरिंजींना १९८६ मध्ये मिळाली, आणि दोन वर्षांनी लिंगियारी वारले.

गोव्हच्या खटल्यात योलंगूंची बाजू लढवणारे वकील एडवर्ड वुडवर्ड यांनाच व्हिटलम सरकारने चौकशी आयोग म्हणून नेमले. त्यांच्या अहवालावरून १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीसाठीचा आदिवासी भूमिहक्क कायदा झाला. तोवर सरकार बदलले होते, तरी माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने तो मंजूर केला. ‘पारंपरिक मालक’ हा शब्द कायद्यात आला तो इथे. त्याच्या व्याख्येत स्थानिक वंशसमूह असणे, त्या भूमीतल्या स्थानांशी आध्यात्मिक नाते व त्यांची राखण करण्याची जबाबदारी असणे, आणि तिथे अन्न गोळा करण्याचा परंपरेने हक्क असणे, या गोष्टी आहेत. ब्लॅकबर्न यांनी दावा ज्या कारणासाठी फेटाळला, ते धार्मिक नातेच पाच वर्षांनी मालकीची अट झाले. नॉर्दर्न टेरिटरीतली जवळजवळ निम्मी जमीन आज या कायद्याखाली न विकता येणाऱ्या सामूहिक मालकीची आहे. कायदा मात्र तेवढ्या टेरिटरीपुरता. बाकीच्या राज्यांत जुनी समजूत जागच्या जागी होती, आणि ती हलवली ती नऊ चौरस किलोमीटरच्या तीन बेटांनी.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामध्ये टोरेसची सामुद्रधुनी आहे. तिच्या पूर्व टोकाला मरे बेटे आहेत: मेर, डाउआर आणि वायर. मेर हे नाव वाचून कोकणातला माणूस थबकेल, कारण आपल्याकडे मेर म्हणजे शेताची कड, बांध. शब्दांचा हा निव्वळ योगायोग. पण मेर बेटावरचे मेरियम लोक मेरेला फार जपणारे. ते भटके शिकारी नव्हते, माळी होते. रताळी, सुरण, केळी यांच्या बागा, प्रत्येक बाग कोणाची ते ठरलेले, झाडे, दगड, ओढे यांवरून खुणा. त्यांचा देव मालो हा अष्टपाद, आणि त्याचा नियम असा की मालो हात आवरून असतो. जे आपले नाही त्याला हात लावत नाही, दुसऱ्याच्या जागेत पाय टाकत नाही. क्वीन्सलंडने १८७९ मध्ये ही बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली.

एडी कोइकी माबो यांचा जन्म १९३६ चा, मेरवरचा. मामा-काकांकडे दत्तक जाण्याची तिथे रीत आहे. त्यांनाही बेनी माबो या मामांनी वाढवले. तरुणपणीच त्यांना बेट सोडावे लागले, बोटींवर, रेल्वेवर मजुरी केली आणि पुढे टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात ते बागकामाला लागले. तिथले इतिहासाचे अध्यापक हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस यांच्याशी त्यांच्या गप्पा होत. मेरवरच्या आपल्या जमिनीबद्दल माबो बोलत असत. एकदा या दोघांनी त्यांना अवघडत सांगितले, की कायद्याने ती जमीन तुमची नाही, सरकारची आहे. माबो यांना ते खरेच वाटेना. आपल्या बापजाद्यांच्या बागेवर बाहेरच्या कोणाचे तरी नाव आहे, हे त्यांना विद्यापीठाच्या एका खोलीत कळले. बेनी आजारी असताना बेटावर जायची परवानगीही त्यांना नाकारली गेली होती.

२० मे १९८२ रोजी माबो, डेव्ह पासी, सॅम पासी, जेम्स राइस आणि सेलुइया मापो साले या पाच जणांनी क्वीन्सलंड सरकारविरुद्ध दावा लावला. सरकारने कोर्टात उत्तर देण्याऐवजी १९८५ मध्ये एक चिमुकला कायदाच केला: मरे बेटांवर कोणाचे काही हक्क असतील तर ते १८७९ पासूनच संपले असे समजावे, भरपाई नाही. या कायद्याने एक गोष्ट नकळत मान्य झाली, बॅटमनच्या तहासारखीच. नसलेला हक्क कोणी रद्द करत नाही. १९८८ मध्ये उच्चतम न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा कायदा १९७५ च्या वंशभेद प्रतिबंधक कायद्याविरुद्ध ठरवला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

मधल्या काळात क्वीन्सलंडचे न्यायमूर्ती मॉयनिहान पुरावा नोंदवत होते. त्यासाठी ते मेरवरही गेले, बागांच्या कडा फिरून पाहिल्या. आजोबांनी बाग दाखवून काय सांगितले हे साक्षीदार सांगू लागला, की सरकारी वकील ऐकीव पुरावा म्हणून हरकत घेत. लिपी नसलेल्या समाजात आजोबांचे सांगणे हाच फेरफार, हे कोर्टाच्या भाषेत कसे मांडायचे? नोव्हेंबर १९९० मध्ये निष्कर्ष आले. मेरियमांची बागांची व्यवस्था खरी ठरली, राइस आणि डेव्ह पासी यांचे म्हणणे बरेचसे मान्य झाले, आणि खुद्द एडी माबो यांचा दावा मात्र पटण्याजोगा मानला गेला नाही. त्यांची दत्तकी, त्यांचा वारसा यांवर न्यायमूर्तींचा विश्वास बसला नाही. ज्या माणसाच्या नावाने देशाचा कायदा बदलला, तो स्वतः कोर्टात आपल्या बापाचा मुलगा ठरू शकला नाही.

वादींच्या वकिलांनी मग वैयक्तिक बागांऐवजी सगळ्या मेरियम समाजाचा हक्क पुढे ठेवला. २१ जानेवारी १९९२ रोजी माबो कर्करोगाने गेले. ३ जूनला निकाल आला, सहा विरुद्ध एक. दावा शेवटपर्यंत लढवणारे राइस आणि डेव्ह पासी हे दोघेच उरले होते.

मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेनन यांचे. त्यांनी बागेच्या भांडणातले ते वाक्य उकरून काढले आणि मुलूख निर्जन होता हे वस्तुस्थितीलाच धरून नाही असे म्हटले. वजेसिंगजीचा निवाडाही त्यांच्यापुढे आला. जुने हक्क टिकायला नव्या राजाची मान्यता लागते ही परंपरा त्यांनी बाजूला ठेवली आणि प्रिव्ही कौन्सिलच्याच दुसऱ्या, आफ्रिकेतल्या निवाड्यांतून आलेल्या परंपरेचा आधार घेतला: राजा बदलला तरी रयतेची मालमत्ता बुडाली असे गृहीत धरायचे नाही. पंचमहालच्या तालुकदारांना १९२४ मध्ये जे मिळाले नाही, ते अडुसष्ट वर्षांनी मेरच्या माळ्यांना मिळाले. मेरियम लोक आपल्या बेटांच्या ताब्याला, वहिवाटीला, उपभोगाला साऱ्या जगाविरुद्ध हक्कदार आहेत, असे जाहीर झाले. या हक्काला ‘नेटिव्ह टायटल’ असे नाव पडले.

निकालाचा उत्सव झाला, आणि घबराटही पसरली. शहरातल्या लोकांची परसदारे जाणार असे सांगणारे कमी नव्हते. खरे पाहता निकालात सरकारच्या सोयीचे पुष्कळ होते. सरकारने जी जमीन कोणाला विकली वा दिली, तिथला मूळ हक्क संपला. त्याबद्दल भरपाई बहुमताने नाकारली. म्हणजे हक्क उरला तो तिथे, जिथे गोऱ्यांना जमीन नको होती. १९९३ मध्ये पॉल कीटिंग सरकारने नेटिव्ह टायटल कायदा केला. १९९६ च्या विक खटल्यात गुरांच्या कुरणांच्या भाडेपट्ट्याखालीही मूळ हक्क काही प्रमाणात जिवंत राहतो असे ठरले, आणि १९९८ मध्ये हॉवर्ड सरकारने दुरुस्ती करून तो पुन्हा आवळला. हे सगळे गुंतागुंतीचे आहे, इथे तपशिलात शिरत नाही. योर्ता योर्ता लोकांचे काय झाले ते मात्र सांगितलेच पाहिजे.

मरे नदी मरे बेटांपासून हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेला आहे. तिच्या काठी, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवर, योर्ता योर्ता राहतात. गोरे मेंढपाळ इथे १८४० च्या सुमारास आले. नव्या कायद्याखाली अगदी सुरुवातीला दावा करणाऱ्यांत हे लोक होते. शंभराहून अधिक दिवस सुनावणी चालली, दोनशेच्या आसपास साक्षीदार झाले. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी निकाल दिला, की इतिहासाच्या लाटेने यांची परंपरा केव्हाच धुऊन नेली आहे.

कशावरून? दोन पुराव्यांना त्यांनी वजन दिले. एक, एडवर्ड कर या मेंढपाळाचे १८८३ मधले आठवणींचे पुस्तक. याच कर घराण्याने १८४० च्या दशकात योर्ता योर्तांच्या भूमीवर कुरणे वसवली होती. परंपरा काय होती हे करने लिहिले त्यावरून ठरवायचे. वंशज तोंडाने सांगतात ते त्यापुढे उणे. दुसरा पुरावा याहून चमत्कारिक. १८८१ मध्ये मालोगा मिशनमधल्या बेचाळीस आदिवासींनी गव्हर्नरला अर्ज केला होता: आमची जमीन गेली, शिकार संपली, आम्हाला थोडी जमीन द्या, म्हणजे आम्ही शेती करू, जनावरे पाळू, पोट भरू. न्यायमूर्तींनी यावरून काढले, की १८८१ पर्यंत या लोकांनी परंपरागत जीवन सोडलेले होते.

हा अर्ज आणि यिरकलाचा अर्ज शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीत मागणे जमिनीचेच. एक आज संसदेत मानाने मांडलेला आहे. दुसरा शंभर वर्षांनी अर्जदारांच्या पणतवंडांविरुद्ध पुरावा म्हणून वापरला गेला. १२ डिसेंबर २००२ रोजी उच्चतम न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ओल्नी यांचा निकाल कायम केला. राजसत्ता आली तेव्हापासून आजपर्यंत त्या समाजाचे नियम आणि चालीरीती फारसा खंड न पडता चालत आल्या पाहिजेत, अशी कसोटी त्यांनी घालून दिली. खंड पाडला कोणी, हा प्रश्न कसोटीत बसत नव्हता. मिशनमध्ये कोंबले गेले, आपली भाषा बोलू दिली नाही, मुले काढून नेली, त्यांचा हक्क या न्यायाने सर्वांत आधी बुडतो. ज्यांच्या रानाकडे कोणी फिरकले नाही त्यांचा शाबूत राहतो. देशाच्या नकाशावर आज सुमारे चाळीस टक्के भूभागावर कोणत्या ना कोणत्या रूपात नेटिव्ह टायटल मान्य झालेले दिसते. त्यातला मोठा भाग वाळवंटाकडचा आणि उत्तरेचा आहे, त्याचे कारण हेच. व्हिक्टोरिया राज्याने २०१० मध्ये कोर्टाबाहेर तडजोडीसाठी वेगळा कायदा केला, तो याच निकालाच्या अनुभवातून.

गेलेल्या हक्काची किंमत किती, या प्रश्नालाही कोर्टाला कधीतरी भिडावे लागणारच होते. नॉर्दर्न टेरिटरीतल्या टिंबर क्रीक या छोट्या गावी रस्ते, इमारती, सरकारी कामे यांसाठी १२७ हेक्टरांवरचे न्गालिवुरू आणि नुंगाली लोकांचे हक्क संपवले गेले होते. १३ मार्च २०१९ रोजी उच्चतम न्यायालयाने सुमारे २५ लाख ३० हजार डॉलर भरपाई ठरवली. जमिनीची बाजारभावाने किंमत धरली ती निम्मी, कारण हा हक्क पूर्ण मालकीहून कमी. पण तेरा लाख डॉलर, म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम, सांस्कृतिक हानीपोटी दिली. वडीलधाऱ्यांनी साक्ष दिली होती, की भूमीची राखण आपल्याकडून झाली नाही याची लाज वाटते. त्या लाजेला प्रथमच आकडा लागला. आकडा योग्य की अयोग्य हे ठरवायला माझ्याकडे मोजपट्टी नाही. ती न्यायमूर्तींकडेही नव्हती, त्यांनी न्याय्य वाटेल ते धरले.

त्याच २०१९ मध्ये गोव्हचा प्रश्न पुन्हा कोर्टात आला. दावा लावणारे होते गालारवुय युनुपिंगू, १९७० च्या आसपास ब्लॅकबर्न यांच्यापुढे दुभाषा म्हणून उभा राहिलेला तो तरुण मुलगा. मधल्या काळात ते त्या प्रदेशाच्या भूमिमंडळाचे अध्यक्ष झाले होते, देशभर मान्यता पावले होते, सत्तरी ओलांडून गेले होते. त्यांचे म्हणणे असे, की खाणीसाठी गुमातज कुळाचे हक्क हिरावले गेले, आणि राज्यघटनेप्रमाणे केंद्र सरकारने मालमत्ता घ्यायची तर न्याय्य मोबदला द्यावा लागतो. सरकारचा बचाव होता, की नेटिव्ह टायटल हा मुळातच रद्द होऊ शकणारा हक्क असल्याने तो रद्द करणे म्हणजे मालमत्ता घेणे नव्हे.

गालारवुय ३ एप्रिल २०२३ रोजी वारले. १२ मार्च २०२५ रोजी उच्चतम न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. वडिलांच्या दाव्यात जी मालमत्ताच नव्हे असे ठरले होते, ती मालमत्ता आहे असे मुलाच्या दाव्यात ठरले, चोपन्न वर्षांनी, दोघांच्याही पश्चात. किती भरपाई, कोणाला आणि कशाच्या आधारे, हे खालच्या कोर्टाने ठरवायचे आहे. गोव्हची खाण आता अखेरच्या काही वर्षांत आली आहे. बॉक्साइट बरेचसे जहाजांत भरून गेले, हिशेब व्हायचा आहे.